फिस्कसर कायद्याला पाठिंबा देतात

कायद्याला पाठिंबा देणे हे काम लांबून फार सोपे दिसते. कायदा करणारे राज्याच्या राजधानीत, बॉस्टनमध्ये बसलेले असतात, आपण आपल्या घरात बसलेले असतो आणि मधे पोस्ट खाते असते. एक कागद, एक पाकीट, खाली सही, की झाला पाठिंबा. फिस्कसरांचाही मुळात एवढाच बेत होता. पण सरांना बसवत नसे, आणि ज्याला बसवत नाही त्याने राज्यकारभारात लक्ष घालू नये.

एल्डन फिस्क हे पेल्टन फॉल्सच्या शाळेत सुतारकाम आणि वायरिंग शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. अर्ध्या गावाने त्यांच्या हाताखाली पक्ष्यांसाठी लाकडी घरे बनवली होती. त्यांतल्या एकाही घरात कधी पक्षी राहायला गेला नाही, पण गाव सरांना अजून सरच म्हणे. निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी घरातली न बिघडलेली घड्याळेही उघडून ठेवली. तेव्हा जिनेटने, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना टाउन हॉलच्या तळघरात पाठवून दिले.

त्या तळघरात गावाचे टीव्ही चॅनेल होते. चॅनेलचा मुख्य नियम एकच. गावातला कोणीही आला तरी त्याला कॅमेरा आणि अर्धा तास द्यायचा, जो आधी येईल त्याला आधी द्यायचा, आणि तो काय बोलतो त्यात नाक खुपसायचे नाही. त्यामुळे तिथे एक बाई अकॉर्डियन वाजवत, एक गृहस्थ फक्त ढग दाखवत, आणि सोमवारी वरच्या हॉलमधली नगरमंडळाची सभा जशीच्या तशी दिसे. मंगळवारी फिस्कसरांचा ‘उघडून बघू’ असे. सर एखादी बिघडलेली वस्तू टेबलावर घेत, उघडत आणि सावकाश दुरुस्त करत. दहाएक वर्षे हे चालले होते.

या दहा वर्षांत सरांना एकच गोष्ट खात होती. हे कोणी बघते का? मोठ्या चॅनेलांची मोजदाद होते, गावच्या चॅनेलची होत नाही. जिनेटला विचारण्यात अर्थ नव्हता. तिने पहिल्याच वर्षी सांगून टाकले होते की घरात तू मला चोवीस तास फुकट दिसतोस, त्यासाठी मी वेगळा टीव्ही लावणार नाही.

तर सरांना पाठिंबा द्यायचा होता त्या विधेयकाचे असे होते. चॅनेल चालायचे ते केबल कंपनीकडून गावाला मिळणाऱ्या हिश्श्यावर. पण लोक भराभर केबल काढून टाकत होते आणि सिनेमे इंटरनेटवरून बघत होते. ते सिनेमे विकणाऱ्या कंपन्यांच्या तारा गावच्याच रस्त्यावरून, गावच्याच खांबांवरून जात, पण गावाला त्या छदाम देत नसत. त्यांनीही हिस्सा द्यावा आणि त्यातून गावोगावची अशी चॅनेले चालावीत, असे विधेयक बॉस्टनला मांडले गेले होते. ते बारगळले तर वर्षअखेर तळघराला कुलूप लागणार हे ठरलेले होते. कुलूप लागले की सरांचा मंगळवार जाणार होता, आणि वांडाची नोकरी.

वांडा कोझिओल ही चॅनेलची एकुलती एक पगारी माणूस. कॅमेरा तीच धरायची, केबल तीच गुंडाळायची, जिनाही तीच झाडायची. तीही सरांचीच विद्यार्थिनी. सर पत्राचा कागद घेऊन तिच्याकडे गेले तेव्हा तिने सांगितले की आमदारांच्या कचेरीतून निरोप आहे, नुसत्या पत्रांचे गठ्ठे पडून असतात. नगरमंडळाचा ठराव हवा आणि बॉस्टनच्या सुनावणीला प्रत्यक्ष माणूस हवा. चॅनेल स्वतः कोणाची बाजू घेऊ शकत नाही, पण गावकऱ्याने आपल्या अर्ध्या तासात काय बोलावे हा त्याचा प्रश्न आहे.

पुढच्या मंगळवारी सरांनी एक पंखा उघडला आणि तो दुरुस्त करता करता विधेयकाला पाठिंबा देण्याचे आवाहन केले. इथे पहिली माशी शिंकली.

सरांच्या शेजारी रॉय गॅन्यन राहायचा. कुठलीही नवी आकारणी म्हणजे कर, आणि कर म्हणजे दरोडा, ही त्याची जन्माची श्रद्धा. बुधवारी सकाळी तो वांडासमोर उभा राहिला आणि म्हणाला की एल्डनला अर्धा तास मिळतो तर मलाही हवा. नियम म्हणजे नियम. वांडाने त्याला वेळ दिली. सोमवारची, सभेच्या अगदी आधीची. कार्यक्रमाचे नाव रॉयनेच ठेवले, ‘तुमच्या खिशात कोणाचा हात?’

पहिल्या सोमवारी रॉय घामाघूम झाला आणि खाली बघून बोलला. दुसऱ्या सोमवारी त्याने जाकीट घातले. तिसऱ्या सोमवारी त्याने टेबलावर फुलदाणी ठेवली. डायनरमध्ये, म्हणजे गावच्या खानावळीत, कॉफी प्यायला गेले की लोक त्याला आपणहून हाक मारू लागले. वाढपीण त्याला डोनट देताना म्हणायची, काल छान बोललास हं. सर त्याच बाकावर बसलेले असत. त्यांना दहा वर्षांत कोणी असे म्हणाले नव्हते. ज्याला चॅनेल बंद पडलेले चालणार होते तो चॅनेलवर प्रसिद्ध होत होता आणि जो ते वाचवायला निघाला होता त्याला मीठ स्वतः उठून घ्यावे लागत होते. सरांना हे लागले. ते तत्त्वाच्या गोष्टी बोलत, पण लागले ते हे.

त्यातच वांडाने सांगितले की सुनावणीत एक प्रश्न हमखास येणार. बघतो कोण? कंपन्यांचे वकील तोच विचारतात आणि आपल्याकडे उत्तर नाही.

सर घरी आले आणि येरझाऱ्या घालू लागले. गावाने सल्ले दिले. ढगवाले गृहस्थ म्हणाले की दारोदार जाऊन विचारा. पण मार्चअखेरचा चिखल असा होता की अर्ध्या दारांपर्यंत बूट पायात ठेवून पोचणे शक्य नव्हते. अकॉर्डियनच्या बाई म्हणाल्या की मी सगळ्यांसाठी खास काहीतरी वाजवते. जिनेट म्हणाली की जरा खाली बस, गालिचा झिजतोय.

तेव्हा सरांना ती कल्पना सुचली. वर्गात ते नेहमी सांगत की तारेत वीज आहे की नाही हे तारेकडे बघून कळत नाही, दिवा बंद पडला की कळते. चॅनेल एक संध्याकाळ बंद पडले तर बघणारे फोन करतील. जितके फोन तितके प्रेक्षक. हिशेब सरळ होता. वांडाला सांगितले असते तर तिने नाही म्हटले असते, म्हणून सरांनी तिला सांगितले नाही. चांगल्या कामात परवानगीचे लचांड नको, असे ज्याला वाटू लागते त्याचे बारा वाजायची वेळ झालेली असते.

सोमवारी संध्याकाळी वांडा रॉयला खुर्चीत बसवून आणि कॅमेरा लावून वर हॉलमध्ये गेली. सरांकडे मागच्या खोलीची किल्ली होती, कारण तिथले कुलूप त्यांनीच दुरुस्त केले होते. आत एक करडी पेटी होती. गावाला दिसणारे सगळे त्या पेटीतून बाहेर जायचे. सरांनी तिची पिन काढली, कचेरीत येऊन फोनजवळ खुर्ची ओढली आणि कॉफी ओतून घेतली. भिंतीपलीकडे रॉय मन लावून कोणालाही न दिसता बोलत होता.

फोन वाजला नाही.

सरांनी रिसीव्हर उचलून बघितला. फोन चालू होता. कॉफी निवली. रॉयचा कार्यक्रम संपला, तो फुलदाणी घेऊन वर गेला, सभेची वेळ झाली, तरी फोन वाजेना. डोक्यावर, वरच्या मजल्यावर, पुष्कळ पायांचा आवाज येत होता. सरांना वाटले सभेसाठी खुर्च्या मांडत असतील. त्यांचे तिकडे लक्षच नव्हते. त्यांना आपले सगळे मंगळवार आठवत होते. टोस्टर, मिक्सर, रेडिओ, कोणाच्या तरी आजोबांचे घड्याळ. आपण दहा वर्षे एका भिंतीशी बोललो, असे त्यांना वाटले, आणि त्यांना खरेच रडू आले. एकटे होते म्हणून त्यांनी ते आवरले नाही.

वर काय चालले होते ते आता सांगायला हवे. पेल्टन फॉल्सची एक पद्धत आहे. नगरमंडळाच्या सभेला कोणी जात नाही. हॉलमध्ये पाच सभासद, एक लेखनिक आणि घरातला हीटर बिघडल्याने उबेला आलेला एखादा माणूस एवढेच असतात. बाकीचे गाव घरी पाय वर करून चॅनेलवर सभा बघते. मात्र कोणी काही भलतेच बोलले आणि एखाद्याचे डोके फिरले, की तो आहे तसा उठतो, गाडी काढतो आणि पाच मिनिटांत हॉलमधल्या माइकसमोर उभा राहतो. त्यामुळे आपल्याकडे लोक सभेत घरच्या सपाता घालून बोलतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

त्या सोमवारी पडदा काळा झाला. गावाने त्याचा एकच अर्थ काढला. आत काहीतरी शिजतेय आणि आपल्याला दिसू नये म्हणून झाकण ठेवले आहे. कोणी म्हणाले कचरा डेपोच्या पासाचे पैसे वाढवतायत. कोणी म्हणाले बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायच्या मिठाची वखार शाळेशेजारी आणतायत. मग एकाने गाडी काढली, ती बघून दुसऱ्याने काढली, आणि सभेची घंटा वाजेपर्यंत अख्खे गाव सपातांसकट हॉलमध्ये उभे होते. जिन्यावर माणसे होती, खिडकीच्या कठड्यावर माणसे होती.

अग्निशमन दलाचा प्रमुख ल्यूक हा सरांचा जुना विद्यार्थी. करवतीने सरांसमोरच अंगठ्याचे टोक गमावल्यापासून तो सुरक्षिततेच्या बाबतीत फार कडक झाला होता. तो आला, त्याने दारातून एक नजर टाकली आणि सभा बंद करा म्हणाला. इतकी माणसे या हॉलमध्ये चालत नाहीत. लोक म्हणाले, सभा शाळेच्या जिममध्ये न्या. लेखनिक म्हणाली, नेता येणार नाही. जागा बदलायची तर अठ्ठेचाळीस तास आधी नोटीस लावावी लागते, कायदाच आहे तसा. लोक म्हणाले, मग आम्ही जात नाही. ल्यूक म्हणाला, मग मी पाण्याची गाडी बोलावतो. नगरमंडळाचे अध्यक्ष सिरिल हॉटन यांनी हातोडी आपटून सभा तहकूब केली आणि पुढच्या सोमवारी सुटी म्हणून पुढची सभा दोन आठवड्यांनी होईल असे सांगितले.

त्या सभेच्या कामकाजात एक छोटा विषय होता. विधेयकाला पाठिंबा देणारा ठराव. सुनावणी पुढच्या आठवड्यात होती. म्हणजे ठरावही गेला.

एवढ्यात वांडा धडधडत जिना उतरली. सर फोनजवळ बसलेले बघून तिला बरेच वाटले. ती म्हणाली, “सर, बरं झालं तुम्ही आहात. काहीच बाहेर जात नाहीये. जरा बॅटरी धरता?”

सरांनी बॅटरी धरली. वांडा सगळ्या केबलींखालून पोटावर सरपटत गेली. पिन सापडल्यावर ती तिथेच जमिनीवर बसून राहिली. “मघाशी मी इथे झाडलं होतं,” ती म्हणाली. “माझाच पाय लागला असणार.”

सरांनी तोंड उघडले आणि परत मिटले. पुढे ते जिनेटला सांगत की मी बोलणारच होतो, पण तेवढ्यात हॉटनसाहेब खाली आले. ते खरे नाही. हॉटनसाहेब यायला पुरती दोन मिनिटे होती.

हॉटनसाहेबांचे चॅनेलशी कधीच जमले नव्हते. एका उन्हाळ्यात गटारांच्या चर्चेत ते डुलकी घेताना दिसले होते, आणि ती सभा चॅनेलने नियमाप्रमाणे तीनदा दाखवली होती. आज त्यांना हवे ते मिळाले होते. ते जिन्यावरूनच म्हणाले की साधी पिन सांभाळता येत नाही अशा माणसाचे कंत्राट पुढे चालवायचे का, हा विषय पुढच्या सभेत येईल. वांडा केबल गुंडाळत राहिली.

घरी आल्यावर सरांनी जिनेटला सगळे सांगितले. जिनेट पावाला लोणी लावत होती. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “लोक फोन करतील म्हणालास. कुठल्या नंबरवर?”

“चॅनेलच्या.”

“तो त्यांना कसा कळणार?”

“कसा म्हणजे? दर तासाला दाखवतो की आपण. चॅनेलवर.”

जिनेटने लोण्याची सुरी खाली ठेवली. सरांना ते तेव्हा कळले.

पुढचे दिवस सरांनी कसे काढले ते विचारू नका. डायनरमध्ये जावे तर वांडाचा विषय. पोरगी कष्टाळू आहे पण वेंधळी, असे जो तो म्हणायचा. सर डोनट अर्धा टाकून उठत. बिघडलेली वस्तू उघडून बसावे तर ती जोडायचीच राहून जाई. आपणच हात दाखवून अवलक्षण केले होते आणि ते दुसरीच्या कपाळावर उमटले होते. खरे सांगितले तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. नाही सांगितले तर वांडा जाणार. आणि खरे सांगण्यात आणखी एक मेख होती. बघतो कोण, या प्रश्नाचे एकच उत्तर आता सरांजवळ होते. सपाता घालून आलेले अख्खे गाव. ते उत्तर द्यायचे तर गाव का आले हेही सांगावे लागणार होते.

सुनावणीच्या दिवशी सर आणि रॉय एकाच गाडीतून बॉस्टनला गेले. एक विधेयकाच्या बाजूने बोलणार होता आणि एक विरुद्ध. पण बॉस्टनमध्ये गाडी लावण्याचे दर असे आहेत की तिथे मतभेद परवडत नाहीत. वाटेत रॉयने आपले भाषण दोनदा म्हणून दाखवले आणि सरांना मोठ्याने हो म्हणायला लावले, कारण गाडी सरांची असली तरी अर्धे पैसे त्याचे होते. वांडा पुढे गेली होती. सुनावणी गावाला थेट दिसावी म्हणून तिने कॅमेरा लावला होता. कंत्राट धोक्यात आलेले असताना तिने हे का करावे, असे सरांनी मनाशी विचारले आणि स्वतःलाच शिवी दिली.

सभागृहात समितीचे सभासद उंच टेबलामागे बसले होते. बोलणाऱ्याला तीन मिनिटे. टेबलावर एक छोटा दिवा होता, तो लाल झाला की थांबायचे. आधी एका कंपनीचा वकील बोलला. गोड आवाज, उत्तम सूट. तो म्हणाला, ही चॅनेले प्रेमळ आहेत, जुन्या काळाची आठवण आहेत, पण खरे सांगा, ती बघतो कोण?

मग रॉय उठला. फुलदाणी आणली नव्हती हे त्याच्या चेहऱ्यावरून जाणवत होते. तो म्हणाला, वकील बोलले ते अगदी बरोबर. हा दरोडा आहे. हे चॅनेल कोणी बघत नाही.

अध्यक्षबाईंनी पुढ्यातला कागद पाहिला. “गॅन्यन, इथे लिहिलंय की त्या चॅनेलवर तुमचाच एक कार्यक्रम असतो.”

“असतो,” रॉय म्हणाला.

“तोही कोणी बघत नाही का?”

रॉयचा चेहरा बघण्यासारखा झाला. राजकीय मत एका बाजूला आणि डायनरमधले डोनट दुसऱ्या. “माझा बघतात,” तो म्हणाला. “याचा बघत नाहीत.” त्याने सरांकडे बोट केले, आणि दिवा लाल झाला.

सरांचे नाव पुकारले. त्यांच्या खिशात लोकशाहीवरचे एक सुंदर भाषण होते. सुरुवात ग्रीक लोकांपासून होती. त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. समोर उभ्या कॅमेऱ्यावर छोटी लाल खूण पेटलेली होती. त्या खुणेच्या पलीकडे पेल्टन फॉल्स होते. निदान असावे.

“कोण बघतं हे मला ठाऊक आहे,” सर म्हणाले. “मी चॅनेल बंद करून बघितलं.”

मग त्यांनी सगळे सांगितले. किल्ली, पेटी, कॉफी, न वाजलेला फोन. हॉलमध्ये चेंगरलेले गाव, ल्यूक, लेखनिक आणि अठ्ठेचाळीस तासांची नोटीस. सांगताना ते उभ्या उभ्या डावीकडून उजवीकडे सरकत होते आणि वांडाचा कॅमेरा त्यांच्यामागे फिरत होता. समितीतल्या एका सभासदाने हसू दाबायला पाणी प्यायले आणि त्याला ठसका लागला.

“म्हणजे गावचं चॅनेल तुम्ही मुद्दाम बंद पाडलंत,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“हो.”

“आणि लोक आले किती?”

“सपाता घालून आलेले सांगू की बूट घालून आलेले?”

दिवा लाल झाला. अध्यक्षबाई थँक्यू म्हणाल्या. सरांना खाली बसायला हवे होते, पण ते बसले नाहीत. ते कॅमेऱ्याकडे वळले.

“वांडा, पिन मी काढली होती. तुझा पाय लागला नव्हता. मी तिथे बॅटरी धरून उभा होतो आणि गप्प बसलो. लाज वाटते मला.”

कॅमेरा जरा हलला आणि पुन्हा स्थिर झाला.

परतताना महामार्ग लागल्यावर रॉय म्हणाला, “पिन कधी काढलीस? माझा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी की नंतर?”

“आधी.”

“सगळा अर्धा तास गेला माझा?”

“सगळा.”

“वर्सेस्टरहून माझी मावशी आली होती बघायला,” रॉय म्हणाला आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. गाडी लावण्याचे अर्धे पैसे त्याने दिले नाहीत, आणि सरांनी मागितले नाहीत.

विधेयकाचे काय झाले म्हणाल, तर समितीने त्यावर विचार करायला मुदत वाढवून घेतली. ना मेले ना जगले. आमदारांच्या कचेरीतून कळवले की ही चांगली खूण आहे, पुन्हा एक सुनावणी होईल. रॉयने तेव्हाच सांगून ठेवले की मीही येणार, पण या खेपेला वेगळ्या गाडीने. वांडाच्या कंत्राटाचा विषय हॉटनसाहेबांनी गुपचूप काढून टाकला. वांडाने सरांकडून किल्ली मागून घेतली. ती रागावली होती आणि तिने ते लपवले नाही. तिने सांगितले, ‘उघडून बघू’ बंद. चॅनेलच्या सामानाला परवानगीशिवाय हात लावणाऱ्याने नवशिक्यांचा वर्ग पुन्हा पहिल्यापासून करायचा, मगच त्याला कॅमेऱ्यासमोर बसता येते. वर्ग मेमध्ये होता. नियम म्हणजे नियम. आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते, ते कशाचे हे विचारण्याचा सरांना धीर झाला नाही.

शनिवारी सरांना कचरा डेपोवर जाणे भाग होते. आमच्याकडे घरोघरी कचरागाडी येत नाही. शनिवारी सकाळी प्रत्येक घरातला एकजण आपापल्या पिशव्या गाडीत घालून डेपोवर जातो, आणि गावात कोण कोणाशी बोलते आणि कोण बोलत नाही ते तिथल्या रांगेत ठरते. सर म्हणाले की या शनिवारी तू जा. जिनेट म्हणाली की मी पिन काढली नव्हती.

रांगेत पोचायच्या आत सुरुवात झाली. ल्यूक गाडीची काच खाली करून म्हणाला, “सर, तुम्ही आम्हाला शिकवायचात की आधी विचारा, मग वायरीला हात लावा.” अकॉर्डियनच्या बाई म्हणाल्या की सुनावणीत तुम्ही फार हालत होता, मला बघून गरगरलं. ढगवाले म्हणाले की ग्रीकांचे भाषण वाचायला हवे होते. डायनरची वाढपीण म्हणाली की वांडाला इतके दिवस आम्ही नावे ठेवली, ती कोणाच्या खाती घालू? जो तो गाडीतून उतरून येत होता आणि सरांना चार शब्द सुनावून पिशवी टाकायला जात होता. सर प्रत्येकाला हो म्हणत होते. पाचव्या की सहाव्या माणसानंतर त्यांच्या लक्षात आले, की यांच्यापैकी कोणी बॉस्टनला आले नव्हते. सगळ्यांनी बघितले होते.

शेवटी झाबेकबाई आल्या. नव्वदीच्या आसपासची बाई, डोक्याला रुमाल, काठी टेकत. सरांची आणि त्यांची ओळख नुसती मान हलवण्यापुरती. त्यांनी काठीचे टोक सरांच्या बुटावर ठेवले.

“मंगळवारी का नव्हता?”

सरांनी बंदीचे सांगितले.

“ते मला माहीतय. पण त्याच्या आधीच्या मंगळवारी तुम्ही टेबलावरचा दिवा उघडायला सांगितलात. मी उघडला. खालचं झाकण काढलं, दोन्ही तारा सोडवल्या. मग तुम्ही म्हणालात, जोडणी पुढच्या वेळी. आता कुठली तार पितळी स्क्रूला आणि कुठली चंदेरीला?”

याचे उत्तर एका वाक्याचे होते. सरांनी ते आयुष्यभर मुलांना दिले होते. त्यांनी ते द्यायला तोंड उघडले.

“थांबा, इथे सांगू नका,” झाबेकबाई म्हणाल्या. “आम्ही तिघी बसतो मंगळवारी. मी, माझी बहीण आणि वरच्या मजल्यावरची. तिघींनी दिवे उघडलेत. मला एकटीला सांगितलंत तर त्या दोघींनी काय करायचं? चॅनेलवर सांगा.”

“झाबेकबाई, माझा वर्ग मेमध्ये आहे.”

“मग मेपर्यंत आम्ही तिघी अंधारात बसू,” त्या म्हणाल्या. “आणि वर्गात लक्ष द्या जरा.”

त्या काठी टेकत गेल्या. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले होते. रॉय आपल्या ट्रकमधून डोके काढून ओरडत होता की एल्डन, गाडी हलव. सरांच्या दोन्ही हातांत कचऱ्याच्या पिशव्या होत्या आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसेच रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.